सेल्फच लागत नाही? स्टार्टर बदलायच्या आधी क्लचचा स्विच बघा

किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे लागतात, रेडिओ चालतो, हॉर्न वाजतो, पण सेल्फ काही लागत नाही. टक् नाही, घर्र नाही, काहीच नाही. अशा वेळी पहिला संशय बॅटरीवर जातो, दुसरा स्टार्टर मोटरवर, आणि मॅन्युअल गिअरच्या जुन्या पिकअपमध्ये खरा दोषी कित्येकदा तिसराच निघतो, तो म्हणजे क्लच पेडलच्या वर अंधारात बसलेला एक छोटा प्लास्टिकचा स्विच.

हे मुख्यतः अमेरिकेत जुना पिकअप वापरणाऱ्या आपल्या मंडळींसाठी लिहितोय, म्हणजे १९८० आणि ९० च्या दशकातला फोर्ड रेंजर, टोयोटाचा तो छोटा पिकअप जो बाकी जगात हायलक्स म्हणून विकला जायचा, निसान, शेवी एस-१०, असल्या गाड्या. भारतात त्या काळच्या गाड्यांना हा स्विच सहसा नसायचाच, गिअरमध्ये असताना सेल्फ मारला की गाडी कशी उडी मारते हे आपल्याकडे गाडी शिकताना बहुतेकांनी अनुभवलेलं असतं. आता भारतातल्याही बऱ्याच नव्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय सेल्फ घेत नाहीत, त्यामुळे तत्त्व तिथेही हेच लागू पडतं.

हा स्विच करतो काय

काम अगदी एकच. क्लच पेडल पूर्ण खाली गेलं तरच स्टार्टरकडे जाणारा इशाऱ्याचा करंट पुढे सोडायचा, नाहीतर अडवायचा. किल्ली स्टार्टवर नेली की इग्निशन स्विचमधून एक बारीक वायर निघते, ती फ्यूजमधून या क्लच स्विचपर्यंत येते, तिथून स्टार्टरच्या रिलेकडे, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट सोडणाऱ्या स्विचकडे जाते, रिले जुळला की मग बॅटरीचा जाडजूड करंट स्टार्टरला मिळतो आणि इंजिन फिरतं. म्हणजे मोटर फिरवणारा मोठा करंट या स्विचमधून जातच नाही, जातो तो फक्त हुकूम. ही सगळी साखळी जुन्या दिवाळीच्या माळेसारखी आहे, एक बल्ब गेला की अख्खी माळ बंद. म्हणून साखळीतला कुठला तुकडा गेलाय हे शोधल्याशिवाय पार्ट विकत घेण्यात काही अर्थ नाही, आणि तरीही लोक नेमकं तेच करतात, नवा स्टार्टर आणतात, गाडीखाली झोपून तीन तास घालवून बसवतात आणि किल्ली फिरवल्यावर पुन्हा तीच शांतता.

एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत ऑटोमॅटिक गाडी गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरता कामा नये हे सरकारी सुरक्षा नियम क्रमांक १०२ मध्ये लिहिलेलं आहे, पण मॅन्युअल गाडीच्या क्लचसाठी तशी सक्ती त्यात नाही, तो स्विच कंपन्यांनी आपणहून बसवला. त्यामुळे प्रत्येक कंपनीची रचना वेगळी, जागा वेगळी, वायरचे रंग वेगळे. आपल्या गाडीच्या नेमक्या सालाचा वायरिंगचा नकाशा हातात घेऊनच बसा, शेजारच्याच्या गाडीवरून अंदाज बांधू नका.

आधी कान द्या

स्टार्टर न फिरण्याचे आवाज वेगवेगळे असतात आणि त्यातूनच अर्धा शोध संपतो. टकटकटक असा भराभर आवाज आला तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल लूज किंवा गंजलंय. एकच मोठा टक् आला आणि पुढे काही नाही, तर हुकूम स्टार्टरपर्यंत पोचलाय, म्हणजे क्लच स्विच निर्दोष. जुन्या टोयोटांमध्ये या एका टक्-चं नेहमीचं कारण म्हणजे स्टार्टरच्या सोलेनॉइडमधले, म्हणजे त्याच्यावरच बसलेल्या विजेच्या स्विचमधले, तांब्याचे कॉन्टॅक्ट झिजणं, ते कॉन्टॅक्ट सुटे मिळतात आणि अख्खा स्टार्टर न बदलता बदलता येतात. पण आवाजच नसेल तर करंट वाटेतच कुठेतरी अडलाय, आणि तेव्हाच आपला स्विच संशयितांच्या यादीत येतो.

खात्री करायला आतला छताचा दिवा लावा आणि किल्ली स्टार्टवर धरा. दिवा एकदम मंद झाला तर मोठा करंट कुठेतरी ओढला जातोय, बॅटरी किंवा स्टार्टर बघा. दिवा जसाच्या तसा राहिला तर स्टार्टरला कोणी उठवलंच नाही. याच्या जोडीला मल्टीमीटरने बॅटरी मोजून घ्या, गाडी काही तास उभी असताना १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा आणि मगच पुढचं बघा, कारण अर्धवट बॅटरीवर केलेल्या सगळ्या टेस्ट फसवतात.

स्विचपेक्षा पेडलकडे जास्त बघा

माझं ठाम मत आहे की या प्रकारात स्विच स्वतः जळून जातो त्यापेक्षा जास्त वेळा स्विचला दाबणारी वस्तूच तुटलेली किंवा झिजलेली असते. स्विच हा फक्त अर्धा भाग, उरलेला अर्धा म्हणजे पेडल, त्याचा दांडा, बुश, रबर, पिना. आणि वीसतीस वर्षं रोज पाय पडून पडून हा अर्धा भाग नक्की झिजतो.

जपानी गाड्यांत साधारण अशी रचना असते की स्विचच्या तोंडाला बारीक दट्ट्या असतो आणि पेडलच्या लोखंडी पट्टीवर त्याच्या बरोबर समोर एका भोकात प्लास्टिकची किंवा रबराची बटणासारखी टिकली बसवलेली असते. पेडल खाली गेलं की टिकली दट्ट्याला दाबते. ही टिकली उन्हाने आणि वयाने ठिसूळ होते, एक दिवस तिचा चुरा होतो, आणि मग दट्ट्या सरळ त्या मोकळ्या भोकात घुसतो, म्हणजे पेडल पूर्ण दाबूनही स्विच दाबलाच जात नाही. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलून बघा, पिवळट किंवा काळपट प्लास्टिकचे तीनचार तुकडे सापडले, आणि ते बोटांनी चुरगळले जात असतील, तर बहुधा निदान झालं. नवी टिकली अगदी स्वस्तात मिळते, ती येईपर्यंत त्या भोकात चपट्या डोक्याचा छोटा बोल्ट आणि मागून नट आवळला तरी काम भागतं.

रेंजरची तऱ्हा वेगळी. तिथे क्लच हायड्रॉलिक आहे, पेडलच्या पिनेपासून एक दांडा पुढच्या पत्र्यातून मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पायाच्या जोराने क्लचचं ऑइल ढकलणाऱ्या पंपात जातो, आणि स्विच या दांड्यावरच क्लिपसारखा चढवलेला असतो. पेडलच्या पिनेवर जिथे दांड्याची कडी बसते तिथे प्लास्टिकचा बुश असतो, तो झिजला की पेडल काही अंतर नुसतंच हलतं आणि दांडा तेवढा कमी सरकतो, मग स्विच लागायच्या जागेपर्यंत पोचतच नाही. लक्षण ठरलेलं: पेडलवर अगदी जोर देऊन, जवळजवळ उभं राहून दाबलं की सेल्फ लागतो, नेहमीसारखं दाबलं की नाही. हे दिसलं तर नुसता नवा स्विच टाकून फार दिवस निभत नाही, बुशपण त्याच वेळी टाका. मोठ्या एफ-१५० ला ८० च्या शेवटाला आणि ९० मध्ये पेडलच्या आडव्या शाफ्टचे बुश झिजायची खोड होती, तिथेही परिणाम हाच, पाय पूर्ण जातो पण दांडा पूर्ण जात नाही.

आणि सगळ्यात सोपं कारण सगळ्यात शेवटी आठवतं, जाड मॅट. हिवाळ्यात बर्फासाठी रबराची खोल मॅट टाकलेली असते, ती पुढे सरकून पेडलखाली दुमडते आणि पेडल पाव इंच आधीच थांबतं. मॅट काढून एकदा सेल्फ मारून बघा, मगच हत्यारं काढा.

दोन स्विच असतील तर

बऱ्याच गाड्यांत क्लच पेडलला एक नाही तर दोन स्विच असतात आणि ते दिसायला सख्ख्या भावांसारखे. एक पेडल वर असतानाच्या जागी, तो क्रूझ कंट्रोलचा (पाय न ठेवता ठरावीक वेग राखणारी सोय), पेडलला पाय लागताक्षणी क्रूझ सोडवतो. दुसरा पेडल खाली गेल्यावर लागणारा, तो स्टार्टचा. लोक वरचा बदलतात आणि नवा पार्टपण खराब निघाला म्हणून दुकानदाराशी वाद घालतात. कुठला कुठला ते ओळखायला टॉर्च घेऊन आडवे व्हा, पेडल हाताने हळूहळू दाबा आणि कुठला दट्ट्या शेवटच्या टप्प्यात दाबला जातोय ते बघा. तोच आपला.

रेंजरसारख्या गाडीत मात्र एकाच स्विचमध्ये अनेक कामं कोंबलेली असतात, स्टार्ट, क्रूझ, आणि इंजिनच्या कॉम्प्युटरला क्लच दाबलाय की नाही हे कळवणं. त्यामुळे कनेक्टरमध्ये पिना जास्त दिसतात. नकाशा न बघता दोन कुठल्यातरी पिना जोडल्या तर सेल्फ लागायचा दूरच, हायवेवर क्रूझ लावलेला असताना क्लच दाबल्यावर क्रूझ सुटणार नाही आणि इंजिन भसकन रेव्ह होईल.

करंट कुठपर्यंत येतोय ते शोधणं

इथून पुढे गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावलेले, हे तिन्ही केल्याशिवाय एकही वायर शिवू नका.

टेस्ट लॅम्प, म्हणजे एका बाजूला क्लिप आणि दुसऱ्या बाजूला टोक असलेला छोटा दिवा, हे इथलं सगळ्यात उपयोगी हत्यार, मल्टीमीटरपेक्षाही. जुन्या फोर्डमध्ये बॉनेट उघडलं की बॅटरीजवळ आतल्या मडगार्डच्या पत्र्यावर स्टार्टर रिले दिसतो, दोन जाड बोल्ट आणि एक बारीक टर्मिनल. घरातल्या कोणाला तरी आत बसवा, क्लच पूर्ण दाबून किल्ली स्टार्टवर धरायला सांगा, आणि टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या निगेटिव्हला लावून टोक त्या बारीक टर्मिनलला लावा. हात आणि बाही पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब, कारण इंजिन अचानक फिरू शकतं. दिवा लागला तर क्लच स्विच, इग्निशन स्विच, फ्यूज सगळे संशयातून सुटले, दोष रिलेत, त्याच्या अर्थिंगमध्ये किंवा पुढे. या जुन्या रिलेचं अर्थिंग त्याच्या बसवायच्या पट्टीतूनच होतं, पत्रा गंजला की रिले मेल्यासारखा वागतो, तेव्हा पट्टीखालचा पत्रा घासून स्वच्छ करा. दिवा लागलाच नाही तर आता डॅशखाली जायचं.

क्लच स्विचच्या स्टार्टच्या दोन पिना नकाशावरून ओळखा, कनेक्टर न काढता मागच्या बाजूने वायरच्या कडेने टोक घाला. किल्ली स्टार्टवर असताना येणाऱ्या वायरवर दिवा लागतोय का? नसेल तर दोष मागे, फ्यूज किंवा इग्निशन स्विच, क्लच स्विचला उगाच दोष देऊ नका. येणाऱ्या वायरवर लागतोय पण पेडल पूर्ण दाबूनही जाणाऱ्या वायरवर लागत नाही? मग स्विच किंवा त्याला दाबणारी वस्तू, दोनपैकी एक. पेडल बाजूला ठेवून बोटाने दट्ट्या दाबा, बोटाने दाबल्यावर दिवा लागला तर स्विच चांगला आणि पेडलच्या बाजूला घोटाळा. हे एवढं केलं तरी निम्म्या लोकांचे स्विचचे पैसे वाचतील असं मला मनापासून वाटतं.

काही गाड्यांत स्विच पॉझिटिव्हच्या वाटेवर नसून रिलेच्या अर्थिंगच्या वाटेवर असतो, तिथे हा हिशोब उलटा होतो, पेडल दाबल्यावर अर्थ मिळतोय का ते बघायचं. म्हणून पुन्हा सांगतो, नकाशा.

आता मल्टीमीटर का फसवतो ते सांगतो, कारण इथे बरेच जण अडकतात. स्विचच्या आतले कॉन्टॅक्ट काळे पडलेले असले तरी केसाएवढी जागा करंटसाठी उरलेली असते, मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही म्हणून त्याला १२ व्होल्ट छान दिसतात, आणि तुम्ही म्हणता स्विच ठीक आहे. पण रिलेच्या कॉइलने खरा करंट मागितला की तेवढ्याशा जागेतून तो जातच नाही. म्हणून मोजायचं ते चालू कामात: कनेक्टर जोडलेला, पेडल खाली, किल्ली स्टार्टवर, आणि मीटरची दोन टोकं स्विचच्या दोन पिनांवर. चांगल्या स्विचवर अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी दिसतं. जवळजवळ अख्खे १२ दिसले तर स्विच आतून जुळतच नाहीये, आणि मधलंच काहीतरी, दोन-तीन व्होल्ट, दिसले तर कॉन्टॅक्ट जळलेत आणि आज ना उद्या ही गाडी भर पार्किंगमध्ये रुसणार. कधी लागतं कधी नाही, थंडीत नाही गरमीत लागतं, अशा तक्रारी बहुधा याच मधल्या प्रकारातल्या असतात.

वायर डायरेक्ट करून ठेवू का?

तपासण्यापुरतं जरूर करा. कनेक्टर काढून त्या दोन पिना फ्यूज लावलेल्या छोट्या वायरने जोडल्या आणि सेल्फ लागला, की दोष तिथेच आहे हे शंभर टक्के कळलं. पण तशीच कायमची डायरेक्ट करून ठेवू नका, ही विनंती आहे आणि मी ती अगदी गंभीरपणे करतोय.

मॅन्युअल गाडी उभी करताना बरेच जण गिअरमध्ये ठेवतात, उतारावर तर ठेवायलाच हवी. अशी डायरेक्ट केलेली गाडी कोणी खिडकीतून हात घालून, थंडीत गरम करून ठेवू म्हणून, नुसती किल्ली फिरवली तर स्टार्टर पहिल्या गिअरमधून अख्खा पिकअप पुढे ढकलतो, आणि फ्युएल इंजेक्शनचं इंजिन त्याच झटक्यात पेटून पुढे चालत राहू शकतं. समोर गॅरेजचं दार असेल किंवा खेळणारं पोर असेल. तुम्हाला स्वतःला डायरेक्ट केल्याचं लक्षात असेल, पण गाडी उद्या मुलगा घेईल, मित्र नेईल, तुम्ही विकाल, त्यांना कोण सांगणार? रिलेच्या दोन जाड बोल्टांवर स्क्रूड्रायव्हर टेकवून सेल्फ मारायची जी जुनी युक्ती आहे ती याहून वाईट, कारण तेव्हा माणूस गाडीच्या पुढच्या चाकाजवळच उभा असतो. ट्रॅक्टर अशा पद्धतीने चालू करताना माणसं चाकाखाली गेलेली आहेत.

क्लच न दाबता स्टार्टर फिरावा अशी खरी गरज कधी असते का, तर असते. डोंगरातल्या चढावर दगडांत गाडी बंद पडली, ब्रेकवरून पाय काढला तर मागे घसरणार, अशा वेळी लो गिअरमध्ये क्लच न दाबता स्टार्टरनेच गाडी पुढे ओढायची आणि तसंच इंजिन पेटवायचं. टोयोटाने त्या काळच्या ४ बाय ४ पिकअपना यासाठीच डॅशबोर्डवर एक बटण दिलं होतं, क्लच स्टार्ट कॅन्सल नावाचं. तुमच्याकडे ते बटण असेल तर अडीअडचणीला तेच दाबून सेल्फ मारता येतो, आणि ते दाबल्यावर सेल्फ लागला म्हणजे क्लच स्विचच्या बाजूलाच दोष हेही फुकटात कळतं. फक्त त्या वेळी गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना ते गिअरचा दांडा हलवून बघा.

बटण नसेल आणि रस्त्यात अडकलात तर आपला धक्का स्टार्ट आहेच. किल्ली ऑनवर, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, दोघांनी ढकलून वेग आला की क्लच झटकन सोडायचा. स्टार्टरचा यात काही संबंधच नसल्यामुळे क्लच स्विच मेलेला असला तरी गाडी चालू होते. इंजिन बंद असताना स्टिअरिंग आणि ब्रेक जड लागतात हे ध्यानात ठेवा, म्हणून सपाट आणि मोकळी जागा बघा.

बदलताना

काम अवघड नाही, जागा वाईट आहे. सीट मागे सरकवून डोकं पेडलखाली घालून उताणं झोपावं लागतं. दट्ट्यावाला स्विच आट्यांवर बसतो आणि दोन नटांमध्ये आवळलेला असतो, बहुधा १२ किंवा १४ नंबरचा पाना लागतो. काढायच्या आधी किती आटे बाहेर आहेत ते मोजून ठेवा किंवा मोबाईलवर फोटो काढा, नवा तेवढाच बसवा. अ‍ॅडजस्ट करताना स्विच फार लवकर लागेल असा ठेवू नका, पेडल थोडंसंच दाबल्यावर सेल्फ लागायला लागला तर इंजिन गिअरपासून पूर्ण सुटलेलं नसतानाही स्टार्टर फिरेल आणि स्विच असून नसल्यासारखा होईल. पेडल जवळजवळ तळाला आल्यावर लागावा, तळाला टेकायच्या जरासा आधी.

रेंजरवाल्यांनी दांडा पिनेवरून सोडवल्यावर तिथेच बोट फिरवून बघा. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं असेल तर ऑइल दांड्यावरून आत झिरपतं, बोटाला निसरडं लागतं, खालचा कार्पेट ओलसर आणि डॅशखालचा रंग फुगलेला दिसतो. असं ऑइल स्विचवर थेंबथेंब पडत असेल तर नवा स्विचही फार टिकणार नाही, मास्टर सिलिंडर आधी करा.

सगळं जोडून झालं की दोन्ही बाजू तपासा, सेल्फ लागतो का एवढंच नाही. न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवर न ठेवता किल्ली फिरवा, काहीच व्हायला नको. मग पेडल पूर्ण दाबून फिरवा, पहिल्या झटक्यात लागायला हवं, पायाचा जादा जोर न देता. क्रूझ कंट्रोल असेल तर मोकळ्या रस्त्यावर लावून क्लचला नुसता पाय टेकवा, लगेच सुटला पाहिजे. आणि काढलेली ती तपासणीची छोटी वायर गाडीत सोडू नका, ती घरी टूलबॉक्समध्ये.